चाळीसचा फ्यूज

"मामा, माझ्या पायाखाली गरम लागतंय."

भाचा मागून हे पहिल्यांदा म्हणाला तेव्हा आम्ही राजमाचीहून लोणावळ्याकडे परत निघालो होतो. २०२३ चा ऑगस्ट महिना, संध्याकाळचे साडेसहा, आणि धुकं असं की बॉनेटच्या पुढचं दिसायची मारामार. उधेवाडीत पिठलं-भाकरी खाऊन पोट तुडुंब, श्रीवर्धन चढून आल्याने पाय दुखताहेत, बायको शेजारी डुलक्या काढतेय आणि मी टपावरचे चारही दिवे लावून दगडगोट्यांतून, ओढ्यांतून माझी थार हाकतोय. सुख म्हणजे आणखी काय असतं!

"अरे, इंजिनाची गरमी असते ती. पाय वर घेऊन बस," मी म्हणालो.

पाचेक मिनिटांनी तो परत तेच म्हणाला. आता मी जरा वैतागलोच. पोरगं अकरा वर्षांचं, सकाळपासून शंभर प्रश्न विचारून झालेले. "कळलं रे राजा, ऐकलं मी," म्हणून मी विषय संपवला. तिसऱ्यांदा तो काही बोललाच नाही. बायकोच जागी झाली आणि म्हणाली, "कसला वास येतोय?"

जळक्या प्लास्टिकचा वास एकदा घेतलेला माणूस तो विसरत नाही. मी गाडी जागच्या जागी थांबवली. मागे मॅटच्या कडेने पांढरा धूर येत होता. बायकोने पोराला मागच्या दाराने अक्षरशः ओढून बाहेर काढलं. मी डॅशबोर्डवरचं दिव्यांचं बटण बंद केलं, म्हणजे करायला गेलो. बटण आतून वितळून चिकटलं होतं. दिवे चालूच. बॅटरीची तार काढायची तर दहाचा पाना हवा, आणि पान्यांची पेटी मागच्या सीटखाली, धुरात. शेवटी बॉनेट उघडलं, दिव्यांची लाल वायर हाताला गुंडाळली आणि हिसका मारून उपटली. दिवे गेले. धूर हळूहळू कमी झाला. अंगठ्याला आलेला फोड पंधरा दिवस होता, पण ते तेव्हा कळलंही नाही.

मग आम्ही तिघं धुक्यात, पावसात उभे. कोणीच काही बोलेना. भाचा तेवढा हळूच म्हणाला, "मी सांगत होतो ना."

काय बोलणार यावर?

आता मागची गोष्ट. गाडी २०१२ ची, आधीच्या थारपैकी, २४९८ सीसीचं सीआरडीई इंजिन. एका डॉक्टरांकडून घेतली तेव्हा अगदी कंपनीतून आली तशी होती. डॉक्टर तिला फक्त रविवारी दवाखान्यात न्यायचे म्हणे. मी घेतली आणि माझ्या अंगात आलं. गाडीवर फार व्हिडिओ बघू नयेत, सांगून ठेवतो. हायवेवरच्या एका गॅरेजमध्ये नेऊन तिच्यावर काय काय चढवलं त्याची यादी बायकोने फ्रिजवर लावली होती, टोमणा म्हणून. फायबरचं हार्डटॉप, त्यावर कॅरियर, कॅरियरवर शंभर-शंभर वॉटचे चार हॅलोजन, पुढे लोखंडी बंपर, बंपरवर साडेनऊ हजार पौंड ओढणारी विंच, बाजूने वर जाणारा स्नॉर्कल, आणि गाडी दोन इंच उचललेली. घरासमोर उभी केली की सोसायटीतली पोरं फोटो काढायची. मला काय, हवंच होतं ते!

दिवे बसवल्यावर महिन्याभरात फ्यूज उडाला. तीसचा होता. मी गॅरेजवाल्या पोराला फोन केला. तो म्हणाला, "सर, टेन्शन नका घेऊ, नवीन टाका." टाकला. आठ दिवसांत तोही उडाला. परत फोन. "मग चाळीसचा टाका ना सर." नाना पेठेत जाऊन मी चाळीसचा फ्यूज आणला आणि माझ्या स्वतःच्या हाताने बसवला. त्यानंतर फ्यूज कधीच उडाला नाही. मी खूष! पठ्ठ्या, प्रश्न सुटला म्हणून.

त्या रात्री लोणावळ्यापर्यंत आम्ही गाडीच्या मूळच्या दिव्यांवर, पहिल्या गिअरमध्ये आलो. दुसऱ्या आठवड्यात गाडी नाना पेठेतल्या एका गल्लीत, गाड्यांचं वायरिंग करणाऱ्या एका काकांच्या दुकानासमोर उभी होती. दुकान म्हणजे एक शटर, एक स्टूल आणि भिंतीवर वायरींची भेंडोळी. काकांनी बॉनेट उघडलं, दोन मिनिटं नुसते बघत राहिले, मग विचारलं, "कोणी केलं हे?"

मी सांगितलं.

"आणि हा चाळीसचा फ्यूज?"

"तो मी टाकला."

काकांनी वर बघितलं. रागावले असते तर बरं वाटलं असतं. ते म्हणाले, "साहेब, फ्यूज दिव्यासाठी नसतो. वायरसाठी असतो. वायर किती करंट झेपवेल तेवढाच फ्यूज. तो दोनदा तुम्हाला सांगायला आला होता, तुम्ही त्यालाच बदललंत."

गणित साधं आहे, शाळेतलंच. चार दिवे, प्रत्येकी शंभर वॉट, म्हणजे चारशे. बॅटरी बारा व्होल्टची. भागाकार केला की तेहतीस अँपिअरच्या आसपास येतं. तीसचा फ्यूज उडायलाच हवा होता. आणि वायर? काकांनी कापून दाखवली. एक चौरस मिलिमीटरची, घरात बेडरूमच्या दिव्याला वापरतात तसली. बॅटरीपासून डॅशबोर्डवरच्या बटणापर्यंत, तिथून मॅटखालून मागच्या कोपऱ्यापर्यंत आणि वर टपावर. मध्ये रिले नाही, सगळा करंट त्या इवल्याशा बटणातून. बटण वितळलं यात नवल ते काय!

सगळ्यात वाईट होता जोड. मॅटखाली, मागच्या बाकासमोर, वायर पुरली नाही म्हणून दुसरी जोडलेली. दोन टोकं एकमेकांना पिळून वर काळी टेप. चिखलाच्या बुटांचं पाणी मॅटखाली जाऊन तांबं हिरवं पडलेलं. असा जोड सैल झाला की त्याचा रोध वाढतो, आणि उष्णता करंटच्या वर्गाच्या पटीत वाढते, म्हणजे करंट दुप्पट झाला की उष्णता चौपट. मी घरी येऊन कागदावर मांडलं. तेहतीस अँपिअर आणि जोडाचा रोध एक ओहमचा फक्त विसावा भाग धरला तरी चोपन्न वॉट होतात. बऱ्यापैकी मोठा सोल्डरिंग आयर्न तेवढा असतो. तर असा एक तापलेला सोल्डरिंग आयर्न मॅटखाली ठेवून त्याच्यावर मी बहिणीच्या पोराला पाय ठेवून बसवलं होतं. आणि वर त्याला सांगत होतो की इंजिनाची गरमी असते!

काकांनी काम घ्यायला एक अट घातली. "आधी सगळं उतरवायचं. जोडाजोडी करून देणार नाही. आणि तुम्ही रविवारी माझ्याबरोबर बसायचं." ही दुसरी अट का घातली ते तेव्हा कळलं नव्हतं. सहा रविवार बसलो.

नवं बसवायला मजा येते हो. उतरवणं मात्र फार वेगळं. एकेक स्क्रू काढताना तो का मारला असेल याचा विचार करावा लागतो. ड्रायव्हरच्या बाजूला वायर अडकवायला एक पत्र्याचा स्क्रू सरळ आरपार मारलेला होता. त्याचं टोक पलीकडे ब्रेकच्या पाइपपासून अर्धा इंचावर निघालं होतं. अर्धा इंच! गाडी दगडांवर हिंदकळताना तो पाइप किती हलतो ते मी खाली झोपून पाहिलंय. अर्थिंगच्या तारा सरळ रंगावर कसलेल्या. रंगातून करंट जात नाही हे आठवीतल्या पोरालाही माहीत असतं. बटणातला छोटा दिवा लागावा म्हणून कंपनीच्या पार्किंग लाइटची वायर मध्येच सोलून तिला शेपूट जोडलेलं.

विंचची केबल पाहिली तेव्हा मात्र माझ्या पोटात खड्डा पडला. बोटाएवढी जाड लाल केबल बॅटरीवरून थेट पुढे, पत्र्याला पाडलेल्या भोकातून. भोकाच्या कडेला रबराचं ग्रोमेट नाही, कड कानस मारून गोल केलेली नाही. वर्षभर घासून घासून केबलचं आवरण निम्मं झिजलेलं. विंच पूर्ण ताकदीने ओढते तेव्हा चारशे अँपिअरच्या आसपास करंट घेते, त्यामुळे त्या केबलला साधा फ्यूज कोणी लावत नाही, निदान हाताने फिरवून बंद करता येईल असा कट-ऑफ स्विच तरी लावतात. तोही नव्हता. ते आवरण पूर्ण झिजून तांबं पत्र्याला टेकलं असतं तर? विंच मी आयुष्यात दोनदा वापरली, पण केबलमधली वीज चोवीस तास चालू होती. रात्री सोसायटीच्या पार्किंगमध्ये, शेजाऱ्यांच्या गाड्यांच्या मधोमधसुद्धा.

टपावरच्या दिव्यांनी निदान धूर काढून दाखवला. ही केबल गप्प होती.

बाकीचं थोडक्यात सांगतो. बंपरचे बोल्ट साधे, डोक्यावर काही आकडा नसलेले. ओढाओढीच्या कामाला निदान ८.८ लिहिलेले हवेत. वेल्डिंग नुसतं वर चिकटलेलं, आत शिरलेलं नाही, कबुतरांनी घाण केल्यासारखं. पुढची उंची वाढवायला टॉर्शन बार पिळून पिळून शेवटापर्यंत नेलेले. त्यामुळे चाकाला खाली जायला जागाच उरली नव्हती आणि एक्सलच्या रबरी बुटांना चिरा गेलेल्या. गाडी वर आली खरी, पण खड्ड्यात उतरताना धाडकन आपटायची. मी ते लोकांना 'ऑफ-रोडिंगचा फील' म्हणून सांगायचो. असो.

आणि स्नॉर्कल. तपासायची पद्धत अगदी सोपी आहे. इंजिन चालू ठेवून स्नॉर्कलचं तोंड झाकायचं. हवा सगळी तिथूनच जात असेल तर इंजिन गुदमरतं, बंद पडतं. काकांनी एक सपाट फळी दिली. मी ती तोंडावर घट्ट दाबून धरली. इंजिन मजेत चालू! स्नॉर्कल नुसता बाहेरून बोल्टने लावलेला, आत एअर फिल्टरच्या डब्याशी नीट जोडलेलाच नव्हता आणि डब्याचं जुनं तोंड उघडं. म्हणजे त्या दिवशी ओढे ओलांडताना, 'आपल्याला काय, स्नॉर्कल आहे' म्हणत मी पाण्यात गाडी घालत होतो तेव्हा इंजिन खालूनच श्वास घेत होतं. पाणी हवेसारखं दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये शिरलं तर पिस्टन वर येतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो, इंजिन संपलं. स्नॉर्कल शोभेचा होता.

तिसऱ्या रविवारनंतर मी त्या गॅरेजमध्ये गेलो. डोकं फिरलं होतं. जाताना रस्त्यात भाषण तयार केलं होतं, कापलेली वायर आणि तो जळका जोड पिशवीत घेतला होता. तो पोरगा, पंचवीस-सव्वीसचा असेल, माझ्याकडे बघून हसला, चहा मागवला. मी जोड टेबलावर ठेवला. त्याने तो उचलला, उलटसुलट केला. त्याचं हसू गेलं.

"कोणाला लागलं का सर?"

"नाही."

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "चुकलंच सर माझं. जोड तरी सोल्डर करायला हवा होता." आणि जरा थांबून, "पण मी तुम्हाला रिले आणि जाड वायर सांगितली होती. दोन हजार जास्त लागतील म्हटलं होतं. तुम्ही म्हणालात, दिवे लागले म्हणजे झालं. आणि शुक्रवारी रात्री दहा वाजता तुम्हीच इथे उभे होतात, शनिवारी पहाटे निघायचंय म्हणून."

खरं होतं ते. मी साफ विसरलो होतो. विंचच्या केबलबद्दल, स्क्रूबद्दल, स्नॉर्कलबद्दल त्याच्याकडे उत्तर नव्हतं आणि ते मी त्याला सुनावलं. तिथे त्याची चूक ती त्याचीच, माझ्या घाईने ती माझी होत नाही. पण तयार केलेलं भाषण काही झालं नाही. त्याने विंचचे पैसे परत करतो म्हटलं, मी नको म्हणालो. निघताना त्याने विचारलं, "सर, तो जोड ठेवू का? पोरांना दाखवायला." ठेव म्हटलं.

मग नवं काम. चारऐवजी दोनच दिवे, पंचावन्न वॉटचे, टपावर नाही तर पुढे खाली, धुक्यात तिथेच उपयोगी पडतात. टपावरचा उजेड धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांत येतो हे मला राजमाचीलाच कळायला हवं होतं. दोघांचे मिळून नऊ-दहा अँपिअर, वायर अडीच चौरस मिलिमीटरची, फ्यूज पंधराचा आणि तोही बॅटरीपासून वीतभर अंतरावर, म्हणजे पुढे कुठेही काही झालं तरी तो आधी उडेल. रिले बॉनेटखाली. बटणातून आता फक्त रिलेला जागं करण्यापुरता करंट जातो, आणि केबिनच्या मॅटखालून एकही वायर जात नाही. काकांनी मला थिंबल दाबायला शिकवलं. पहिली आठ मी दाबली, त्यांनी ओढून बघितली, सहा निघून हातात आली. "परत." दुसऱ्या वेळी तीन निघाली. "परत." दुपारी अडीच वाजता एकही निघालं नाही तेव्हा त्यांनी स्वतःच्या डब्यातली पोळी मला दिली. रविवारी बरोबर बसायची अट का होती ते तेव्हा कळलं.

विंच विकून टाकली. लोखंडी बंपरही काढला. तो तसाही कायद्यात बसत नव्हता, असले बंपर लावू नयेत असं केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कळवलं होतं, आणि कंपनीने दिलेल्या मूळ रचनेविरुद्ध गाडीत फेरफार करता येणार नाहीत असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये सांगितलं. मला दोन्ही माहीत होतं. माहीत असूनही लावला होता. उंची परत मूळची केली, बूट बदलले, अलाइनमेंट केलं. सोसायटीतली पोरं आता फोटो काढत नाहीत. एक जण तर विचारत होता, "काका, थार विकली का?" गाडी समोरच उभी होती.

स्नॉर्कल ठेवला. तो शेवटच्या रविवारी नीट जोडला, डब्याचं जुनं तोंड बंद केलं, प्रत्येक सांधा सील केला. पण तपासला नाही. ते काम मी राखून ठेवलं होतं.

ताईकडे गेलो. तिला तोपर्यंत आम्ही काहीच सांगितलं नव्हतं. म्हणजे मी बायकोला आणि भाच्याला सांगू दिलं नव्हतं, आणि हे लिहितानाही मला त्याची लाज वाटतेय. भाच्याला खाली बोलावलं. आधी त्याने आपणहून मागचं दार उघडलं, मॅट उचलली आणि खालच्या पत्र्यावर तळहात ठेवून बघितला. मी काही बोललो नाही. मग त्याला स्टुलावर उभं केलं, फळी हातात दिली आणि इंजिन चालू केलं. "दाब. घट्ट."

त्याने दोन्ही हातांनी दाबली. इंजिन थरथरलं, आवाज घोगरा झाला, एक आचका दिला आणि बंद पडलं. तो इतका दचकला की फळी खाली पडली.

"मामा, मी मोडलं का?"

"नाही रे. असंच व्हायला हवं होतं."

"मग परत करू?"

तीनदा केलं. तिसऱ्या वेळी वर गॅलरीतून ताईचा आवाज आला, "काय रे, काय चाललंय तुमचं? गाडी बिघडली का परत?"

"नाही," मी म्हणालो. "वर येतो. तुला एक सांगायचंय."